थाटाची ओढ वाटते, त्यात लाज कसली?

वाचकाचं पत्र

ताई, मी वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. वय एकोणतीस. बाबा दशावतारी नाटकात राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. जत्रेत त्यांना बघायला माणसं लोटायची आणि घरी आम्ही दोघं भावंडं एका छत्रीतून शाळेत जायचो. मुकुटाला खळ लावून बेगड चिकटवताना मी त्यांना कितीदा बघितलंय. हे सोनं नव्हे हे मला लहानपणीच कळलं होतं. तरी रात्री ते त्या बाकड्यावर बसले की मला ते सिंहासनच वाटायचं.

वैशाखात माझं लग्न ठरलंय. मुंबईचा दादा म्हणतो, ‘बाबा जन्मभर खोट्या वैभवात राहिले, तुझं लग्न तरी खऱ्या वैभवात करूया.’ म्हणजे समुद्राकाठचा रिसॉर्ट, ड्रोन, फुलांचं गेट, आणि या सगळ्यासाठी कलमांच्या बागेवर कर्ज. सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं आहेत. मुलाकडच्यांचा काहीही आग्रह नाही. कर्जाची मला भीती वाटते. पण खरं सांगू? थाट मलाही हवाय. रजिस्टर सही करून दोन हार घालायचे, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. मग माझी मलाच लाज वाटते.

दुसरं म्हणजे मी कथा लिहिते. एका दिवाळी अंकाने कथा परत पाठवली, वर शेरा होता, ‘भाषेचे दागिने उतरवा.’ कथेची प्रत सोबत जोडली आहे. आमच्या वाचनकट्ट्यावरचे मित्र सांगतात, भव्य आणि उदात्त वगैरे आता संपलं, साधं लिही. साधं लिहून बघितलं, तर ते मलाच निर्जीव वाटलं. हे दोन्ही प्रश्न वेगळे नाहीत असं मला सारखं वाटतं. वैभवाची ओढ असणं हे मनाचं खुजेपण आहे का?

तुमची,
एक वेंगुर्लेकरीण

उत्तर

प्रिय वेंगुर्लेकरणी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुला जास्त छळत असणार. नाही, हे खुजेपण नाही. आपल्या कोकणात ही ओढ घराघरात आहे. वर्षभर पै-पै जपणारी माणसं चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात ती बघ. नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, तेरड्याची फुलं, आंब्याचे टाळे, जे जे परड्यात आणि रानात मिळेल ते सगळं त्या लाकडी चौकटीला लटकवतात. चौकटीत जागा उरली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चैन पडत नाही. काटकसर त्या एका जागी कुणालाच आठवत नाही. या माणसांना तू खुजी म्हणशील का? मग स्वतःलाही म्हणू नकोस.

तुझे दोन प्रश्न एकच आहेत हे मात्र तू अगदी बरोबर ओळखलंस, आणि तुझ्या बाजूने मी एक जुना साक्षीदार आणते. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी. त्याच्या ‘काव्यादर्शा’त उदात्त नावाचा अलंकार आहे. आशयाचं किंवा विभूतीचं असामान्य मोठेपण सांगितलं की तो उदात्त. आशय म्हणजे मनाची उंची आणि विभूती म्हणजे संपत्तीचा झगमगाट. दोन्हींचं एकेक उदाहरण त्याने दिलंय. पहिल्यात राम आहे. रावणाची मस्तकं उडवण्याचं ओझं घेतानाही जो डगमगला नाही, त्याला वडिलांची आज्ञा मात्र ओलांडता आली नाही. दुसऱ्यात रावण आहे. महालाच्या भिंती रत्नांच्या, त्यात त्याची शेकडो प्रतिबिंबं पडलेली, आणि मारुतीला त्यातला खरा लंकेश्वर ओळखायला फार कष्ट पडले.

दंडीचं मला इथे मनापासून कौतुक वाटतं. श्रीमंतीच्या दिमाखाला त्याने हलकं लेखलं नाही. राम आणि रावण दोघांना एकाच अलंकारात शेजारी बसवलं. तुझ्या कट्ट्यावरच्या मित्रांनी दोन्ही मोडीत काढलेत. तुझा दादा पहिला प्रकार विसरला आणि दुसरा धरून बसला. आणि तू दोन्ही मागतेस, म्हणून तुला अपराधी वाटतंय.

आता हे दोन्ही एका जागी बघायचे असतील तर कालिदासाच्या ‘रघुवंशा’चा पाचवा सर्ग काढ. मराठी भाषांतर चालेल. रघुराजाने विश्वजित यज्ञात होतं नव्हतं ते सगळं दान केलेलं आहे. अशा वेळी वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स दारात येतो. त्याला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी हवेत. राजा सामोरा जातो तो मातीच्या पात्रात अर्घ्य घेऊन, कारण सोन्याचं भांडं घरात उरलेलंच नाही. ते पात्र बघूनच कौत्स समजतो आणि निघायला लागतो. रघू त्याला थांबवतो. याचक माझ्या दारातून रिकामा दुसरीकडे गेला, ही अपकीर्ती मला नको, दोन-तीन दिवस दे, म्हणतो. थेट कुबेरावर चाल करून जायची तयारी करतो, आणि त्या रात्रीच खजिन्यात सोन्याचा पाऊस पडतो. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. माझं आवडतं त्याच्या पुढे आहे. रघू म्हणतो, हे सगळं सोनं तुझं. कौत्स म्हणतो, गुरूंना द्यायचं त्याहून कणभर जास्त मला नको. देणारा हात आखडत नाही, घेणारा हात पसरत नाही, आणि साकेतची, म्हणजे अयोध्येची, माणसं दोघांकडे बघत राहतात.

त्या सर्गात सोनं काही थोडंथोडकं नाही. कालिदासाने ते पुरेपूर वर्णन केलंय, लाजत-बिजत नाही. पण ते सोनं कुणाच्याच घरात थांबत नाही. मला वाटतं, थाटाचं खरं लक्षण तेच. मालकापाशी तो थांबत नाही, बघणाऱ्याच्या वाट्याला येतो.

आमच्या रत्नागिरीत याच्या उलट गोष्ट दगडविटांत उभी आहे. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी खाडीकडे तोंड करून राजवाडा बांधून दिला. तू कधी आलीस तर अर्धगोल लाकडी खिडक्या मुद्दाम बघ, फार सुंदर आहेत. पण त्या वाड्यात दरबार भरायचा नव्हता. राजा नजरकैदेत होता, बरोबर आणलेली रत्नं विकून खर्च भागवायची पाळी त्याच्यावर आली होती, आणि १९१६ साली तो इथेच वारला. विभूती म्हणावी तर सगळी होती. कुणाला काही देण्याची मोकळीक तेवढी नव्हती. त्या दालनांतून फिरताना माझ्या पोटात नेहमी खड्डा पडतो.

आता तुझ्या बाबांकडे येते. पत्रातला ‘खोट्या वैभवात’ हा शब्द वाचून मी थांबले आणि मला वाईट वाटलं. दादाचा राग समजतो. ‘रातीचो राजा, सकाळी कपाळार बोजो’ ही म्हण ज्या घराने भोगली त्या घरातल्या मुलाला बेगडाची चीड येणारच. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन या जत्रेतून त्या जत्रेला चालत जाणारी ही माणसं. त्यांच्या गरिबीला कुणी कलेची शोभा वगैरे म्हणू नये, मीही म्हणणार नाही. एका छत्रीतून दोन मुलं शाळेत जाणं ही गरिबीच होती आणि ती वाईटच होती.

पण खोटं काय होतं, ते नीट बघूया. मुकुट बेगडाचा होता. सिंहासन म्हणजे बाकडं. मागे एक पडदा, बाजूला पेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नाही. आख्यान काय ते संध्याकाळी ठरायचं, आणि रात्रभर तुझे बाबा उभ्या उभ्या राजाची भाषा रचायचे. मुखपाठ केलेली नाही, तिथल्या तिथे रचलेली! समोर बसलेली माणसं दिवसभर मालवणीत बोलणारी. संकासुर हे विनोदी पात्र त्यांच्या बोलीत बोलून त्यांना हसवायचं आणि मग राजा प्रवेश करून ती लांबलचक, संस्कृत वळणाची, घोळदार मराठी त्यांच्यापुढे ओतायचा. मासे विकणारी, शेत नांगरणारी, तिसरीत शाळा सुटलेली माणसं त्या भाषेला मान डोलवायची. तिकीट नाही, खुर्ची नाही, देवळासमोरच्या मातीत गोणपाट टाकून बसायचं. त्या रात्री गावाला जे मिळत होतं त्यात बेगड फक्त डोक्यावर होतं. रघूच्या अंगणात कौत्साला मिळालं त्याच जातीचं ते देणं होतं. दादाला हे माझ्या नावावर सांग.

आणि इथेच तुझ्या कथेचा उलगडा होतो. तुझी भाषा दागिने घालते, कारण तू ती राजपार्टातून शिकलीस. विद्यापीठातल्या पुस्तकांतून आलेली ती नाही, झोपेला आलेल्या पोरीने आईच्या मांडीवरून ऐकलेली आहे. हा वारसा आहे. संपादकाच्या एका शेऱ्यावर तो टाकून देऊ नकोस.

पण संपादकाचं म्हणणं सगळंच चूक नाही. तुझ्या कथेतली दोन वाक्यं शेजारी ठेवते. पहिलं, सुरुवातीचं:

‘सुवर्णमयी संध्येच्या रेशमी पदराआड तो तेजोनिधी भास्कर अथांग सागराच्या कुशीत विसावला.’

दुसरं, चौथ्या पानावरचं:

‘मुकुट घालण्याआधी बाबा तो दोन्ही हातांनी कपाळाला लावायचे, आणि मग पहाटेपर्यंत आमच्यापैकी कुणाचेच नसायचे.’

पहिलं वाक्य कुणीही लिहील. त्या सूर्याचं मावळण्यात काही जाणार नाही, येणार नाही. संध्या, पदर, सागर, सगळे दागिने भाड्याने आणल्यासारखे एकावर एक चढवलेत आणि आत माणूसच नाही. मारुतीला रत्नांच्या भिंतींत रावण सापडेना, तशी मला त्या पानावर तू सापडेनास. दुसरं वाक्य वाचताना मात्र मी ताठ बसले. एक विशेषण नाही, आणि तरी त्यात राजा उभा आहे. ‘कुणाचेच नसायचे’ या दोन शब्दांत त्या माणसाने घातलेली उडी आहे, आणि घरच्यांनी मोजलेली किंमत आहे. दंडीचा आशय तो हाच.

मग दागिने उतरवायचे का? माझा सल्ला वेगळा आहे. त्यांची जागा बदल. बाबांच्या तोंडी भारी शब्द शोभायचे, कारण ते शब्द एखादा राजा पुत्र गमावतोय, राज्य सोडतोय, दिलेला शब्द पाळून उद्ध्वस्त होतोय अशा घटकेला यायचे. त्या घटकेचं वजन शब्दांना पेलायचं. तू मात्र संध्याकाळ, वाट, वारा, पणती या सगळ्यांना मुकुट घातलेस, आणि तिसऱ्या पानावर बाबा आजारी असूनही रात्री उभे राहतात, तो प्रसंग तू चार कोरड्या ओळींत उरकलास. तिथे राजपार्ट आण! तिथे त्यांचं ते अख्खं भाषण लिही, जसं ऐकलंस तसं, लांबच्या लांब, अनुप्रासासकट, ‘हे धरित्रीमाते’सकट. आजाऱ्याच्या तोंडी ती भाषा, आणि विंगेत औषधाची बाटली घेऊन उभी असलेली तुझी आई साध्या मालवणीत. दोन्ही भाषा एका पानावर आल्या की कुणी दागिने उतरव म्हणणार नाही. सूर्यास्त काढून टाक. तो परत हवासा वाटला तर एका ओळीत ये म्हणावं.

भव्य संपलं, असं म्हणणाऱ्या मित्रांशी वाद घालत बसू नकोस. त्यांना मालगुंडला घेऊन जा, रत्नागिरीपासून फार लांब नाही. १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांचं गाव ते. तुझ्यासारखेच शाळामास्तर. गावोगाव नोकरी, पैशाची ओढाताण, आणि १९०५ साली चाळिशीच्या आत हुबळीला प्लेगने मृत्यू. या माणसाने कवितेत मागितली काय, तर स्वतःच्या प्राणाने फुंकायला एक तुतारी, तीही अशी की तिने गगन भेदून जावं. पगार बघून मागणं लहान केलं नाही.

वाटेत राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावरही त्यांना उभं कर. तिथे कातळात एक हत्ती कोरलेला आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. जमिनीवर उभं राहून तो अख्खा एका नजरेत मावत नाही. कोरणाऱ्यांची नावं नाहीत, त्यांचा राजा कोण हे ठाऊक नाही. २०२२ साली कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ते चांगलंच झालं. पण ज्यांनी तो हत्ती कोरला त्यांना यादी माहीत नव्हती, आणि एवढा मोठा कशाला असं त्यांना वाटलं नाही, याचा मला फार आनंद वाटतो.

आता बागेचं. इथे मी सरळच बोलते. सही करू नकोस. तिघांची नावं सातबाऱ्यावर आहेत, म्हणजे तुझ्या सहीवाचून अख्खी बाग गहाण पडत नाही, हे तुझ्या हातात आहे. हापूसची कलमं असलेल्या बागेवर एका दिवसाच्या समारंभासाठी बोजा चढवणं हा वेडेपणा आहे. मोहर आला तर थ्रिप्सची कीड, फळ धरलं तर अवकाळी पाऊस, आणि सगळं पार पडलं तर वादळ. २०२१च्या मे महिन्यात तौक्तेने ऐन काढणीत सिंधुदुर्गातल्या बागांचं काय केलं ते तू डोळ्यांनी बघितलं असशील. बँकेचा हप्ता मोहर बघून येत नाही. उद्या हप्ता थकला तर आईच्या तोंडचा घास जाईल, आणि तुझ्या लग्नाचे फोटो बघणं तुम्हा तिघांनाही नकोसं होईल.

दादाला नुसतं ‘नको’ म्हणू नकोस, त्याला ते टोचेल. त्याला बहिणीचं लग्न दिमाखात करायचंय, ही त्याची इच्छा मोठी आहे आणि त्यात बाबांविषयीचं दुःख आहे. तो आला की कागद घेऊन बसा. कर्जाशिवाय त्याच्याकडे, तुझ्याकडे, आईकडे जे आहे ते लिहा, आणि मग थाट कुठे करायचा ते ठरवा. सगळीकडे थोडा थोडा केला की तो कुठेच दिसत नाही. दोन-तीन जागा निवडा आणि तिथे हात मोकळा सोडा.

माझ्या मनात आहे ते सांगते. लग्न घरच्या खळ्यात कर. झापांचा माटव घाल, आंब्याचे टाळे बांध. पंगतीला अख्ख्या वाडीला बोलाव, बाबांना बघायला जे जत्रेत यायचे त्यांनाही. रिसॉर्टवर माणसं मोजून बोलवावी लागतात, ताटामागे पैसे असतात. खळ्यात तशी गरज नाही. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी आणि शेवयांची खीर पानात पुन्हा पुन्हा वाढ. येणाऱ्या प्रत्येक बाईच्या केसात अबोलीचा वळेसर असू दे, कामाला आलेल्या बायकांच्याही, त्यांच्या आधी. स्वतःसाठी साडी घेताना दर बघून मागे फिरू नकोस, एकदाच घेणार आहेस. ड्रोन मात्र नको. माडांच्या वरून तुझा चेहरा दिसणार नाही.

आणि लग्नाच्या आदल्या रात्री, त्याच माटवात, धयकालो, म्हणजे आपला दशावताराचा खेळ, लाव. बाबा ज्या कंपनीत होते तीच कंपनी बोलाव. दादाला पुढे बसव. त्याने गेल्या कित्येक वर्षांत रात्रभर बसून दशावतार बघितला नसेल असा माझा अंदाज आहे, आणि खरं वैभव म्हणजे काय यावर तुमचं दोघांचं जे बोलणं व्हायचं राहिलंय ते त्या रात्रीनंतर सोपं जाईल. बिदागी ठरवताना घासाघीस करू नका. मागतील ती द्या, वर राजपार्ट करणाऱ्याला आणि पेटी वाजवणाऱ्याला वेगळा आहेर करा. ड्रोनच्या आणि गेटच्या पैशांत हे सगळं बसेल.

फक्त उशीर करू नकोस. जत्रांचा हंगाम सुरू झाला की वैशाखापर्यंत कंपन्यांच्या तारखा लागलेल्या असतात, तेव्हा मालकांना याच आठवड्यात गाठ. आख्यान कोणतं लावायचं, ते मात्र आईला ठरवू दे.

तुझी,
ताई